साक्षीचा बाजार : 'द क्रूसिबल' नाटकाच्या निमित्ताने



आर्थर मिलर या अमेरिकन नाटककाराचे 'द क्रूसिबल' हे नाटक २२ जानेवारी १९५३ रोजी न्यूयॉर्कच्या मार्टिन बेक नाट्यगृहात प्रथम सादर झाले. क्रूसिबल म्हणजे सोनाराची मूस. मुशीत धातू आटवला की हीण वेगळे होते आणि कस कळतो. सतराव्या शतकातील एका प्युरिटन वस्तीत चेटकाच्या आरोपांचा जो वणवा पेटला, त्यावरील नाटकाला मिलर यांनी हे नाव दिले. नाटक जगभर झाले, शाळा-महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमांत जाऊन बसले. आणि अभ्यासक्रमात गेलेल्या साहित्यकृतीचे जे होते तेच त्याचेही झाले. 'अंधश्रद्धेविरुद्ध विवेक' किंवा 'मॅकार्थीशाहीवरील रूपक' अशी एका ओळीची चिठ्ठी त्याला चिकटली. दोन्ही चिठ्ठ्या खोट्या नाहीत. तथापि त्या वाचून प्रेक्षक निर्धास्तपणे घरी जातो. कारण अंधश्रद्धा ही नेहमी दुसऱ्याची असते आणि सिनेटर मॅकार्थी तर १९५७ मध्येच वारले. नाटकाचा खरा विषय याहून जवळचा आहे. खोट्या साक्षीला समाजात भाव कसा येतो, तो कोण चढवतो आणि शेवटी तो कशाने कोसळतो, हा तो विषय होय.

प्रथम इतिहास पाहिला पाहिजे. १६९२ च्या हिवाळ्यात मॅसॅच्युसेट्स वसाहतीतील सेलम या खेड्यात धर्मोपदेशक सॅम्युएल पॅरिस यांची नऊ वर्षांची मुलगी बेट्टी आणि त्यांच्या नात्यातील, त्याच घरात राहणारी अ‍ॅबिगेल विल्यम्स यांना झटके येऊ लागले. हा दुष्ट शक्तींचा प्रकोप असल्याचे निदान झाले आणि फेब्रुवारीच्या अखेरीस तीन स्त्रियांवर वॉरंटे निघाली. सेरा गुड दारोदार मागून पोट भरत असे. सेरा ऑसबॉर्न आजाराने अंथरुणाला खिळलेली होती आणि पहिल्या पतीच्या मिळकतीवरून तिचा वाद चालू होता. टिटुबा ही पॅरिस यांच्या घरची गुलाम स्त्री. जिच्या बाजूने बोलायला कोणी उभा राहणार नाही अशा स्त्रीपासून आरोपाची सुरुवात होते, ही गोष्ट योगायोगाची नव्हे. पुढे आरोपांची लाट प्रतिष्ठितांच्या दारापर्यंत पोहोचली. दीडशेहून अधिक लोकांवर आळ आला. १४ स्त्रिया आणि ५ पुरुष असे १९ जण फासावर गेले. ऐंशीच्या घरातील जाइल्स कोरी या शेतकऱ्याने आरोपाला उत्तर देण्याचेच नाकारले. त्याच्या अंगावर दगड रचून त्याला चिरडून मारण्यात आले. निदान पाच जण तुरुंगात मेले.

हे घडले ती वस्ती खाऊनपिऊन सुखी होती असे नव्हे. सेलम शहर हे व्यापारी बंदर होते, आणि त्याच्या अंगाला शेतीवर जगणारे सेलम खेडे होते. खेड्याला शहरापासून सुटे व्हायचे होते, पण खेड्यातच दोन तट होते. धर्मोपदेशकाचा पगार, त्याच्या घरचे जळाऊ लाकूड, तो राहतो त्या घराची मालकी, यांवरून वर्षानुवर्षे भांडणे चालली होती. ऑक्टोबर १६९१ मध्ये खेड्याच्या नव्या समितीने पॅरिस यांच्या पगारासाठी कर बसवण्याचेच नाकारले. दुसरीकडे, वसाहतीची सनद १६८४ मध्ये रद्द झाल्यामुळे जुन्या जमिनींच्या हक्कांविषयी शंका निर्माण झाली होती. नवी सनद घेऊन गव्हर्नर विल्यम फिप्स बोस्टनला पोहोचले ते मे १६९२ मध्ये. उत्तर सरहद्दीवर फ्रेंच आणि त्यांच्या बाजूच्या मूळ रहिवाशांशी युद्ध चालू होते आणि उद्ध्वस्त वस्त्यांतील निर्वासित या भागात येत होते. पॉल बॉयर आणि स्टीफन निसेनबॉम यांनी १९७४ च्या ग्रंथात खेड्यातील जमिनीचे आणि गटबाजीचे राजकारण पुढे आणले. मेरी बेथ नॉर्टन यांनी २००२ मध्ये सरहद्दीवरील युद्धाच्या भीतीवर बोट ठेवले. पहिल्या ग्रंथातील नकाशावर पुढील संशोधकांनी आक्षेपही घेतले आहेत. कोणतेही एक कारण सगळे काही उलगडून दाखवत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ज्या गावात प्रत्येकाची शेजाऱ्याविरुद्ध जुनी तक्रार आहे आणि ती तडीस नेणारी विश्वासार्ह व्यवस्था नाही, त्या गावात सैतान फार लवकर वस्तीला येतो.

मिलर यांना हे नेमके कळले होते. १९२९ च्या मंदीत वडिलांचा धंदा बुडालेला पाहून हा लेखक घडला होता. पैसा माणसाच्या तोंडून काय काय वदवतो हे त्याला शिकवावे लागले नाही. १९५२ मध्ये त्यांनी सेलमला जाऊन न्यायालयाची जुनी दप्तरे वाचली. नाटकाच्या पहिल्याच अंकात, आजारी मुलीच्या उशाशी जमलेली मंडळी सैतानाविषयी बोलता बोलता पाद्रीबाबांच्या पगारावर आणि सरपणावर घसरतात आणि तेथून एका लाकूडतोडीच्या रानावर येतात. जॉन प्रॉक्टर म्हणतो की ते रान आपण विकत घेतले; थॉमस पुटनम म्हणतो की ते आपल्या आजोबांच्या मृत्युपत्रात आहे. तिसऱ्या अंकात जाइल्स कोरी न्यायालयात लेखी आरोप करतो की पुटनमने आपल्या मुलीकरवी जॉर्ज जेकब्सवर आळ घेतला. कारण सरळ आहे. जेकब्सला फाशी झाली तर त्याची जमीन जप्त होईल, आणि ती विकत घेण्याइतका पैसा गावात एकट्या पुटनमकडे आहे.

नाटककाराने हे पदरचे घातले असे कोणी म्हणेल, म्हणून एक नोंद सांगितली पाहिजे. रॉबर्ट कॅलेफ या बोस्टनच्या व्यापाऱ्याने १७०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात प्रॉक्टर पतीपत्नी तुरुंगात असताना त्यांच्या घराचे काय झाले ते लिहिले आहे. शेरीफ आला आणि हाताला लागेल ते सामान, धान्य आणि गुरे घेऊन गेला. काही गुरे निम्म्या किमतीत विकली, काही मारून वेस्ट इंडिजकडे पाठवण्यासाठी भरली. पिंपातली बीअर ओतून टाकून पिंप नेले. भांड्यातला रस्सा ओतून भांडे नेले. मुलांच्या पोटाला घरात काही ठेवले नाही. सैतानाशी चाललेल्या महायुद्धात रश्श्याच्या भांड्याला काय काम होते, याचे उत्तर कोणत्याही धर्मग्रंथात सापडत नाही.

मात्र केवळ लोभाने एवढा मोठा अनर्थ होत नाही. लोभी माणसे प्रत्येक गावात असतात. अनर्थ होण्यासाठी त्या लोभाला कायद्याचा आधार मिळावा लागतो आणि सामान्य भित्र्या माणसालाही खोटे बोलण्यात फायदा दिसावा लागतो. सेलमच्या न्यायालयाने ही दोन्ही कामे केली. 'आरोपीचे छायारूप माझ्या अंगावर येते' ही फिर्यादीची तक्रार पुरावा म्हणून स्वीकारली गेली. असा पुरावा खोडून काढता येत नाही. आरोपी त्या वेळी दहा कोस दूर होता हे सिद्ध करूनही उपयोग नसतो. त्याहून घातक होता कबुलीचा नियम. ज्यांनी चेटूक केल्याचे कबूल केले आणि कबुली कायम ठेवली, त्यांतील एकालाही सेलममध्ये फाशी झाली नाही. फासावर गेले ते 'आम्ही निर्दोष आहोत' असे शेवटपर्यंत म्हणणारे. सॅम्युएल वॉर्डवेल याने आधी कबुली दिली आणि नंतर ती मागे घेतली. त्यालाही फाशी झाली. म्हणजे न्यायालयाने सत्यावर मृत्यूचा कर बसवला आणि असत्याला प्राणांचे अनुदान दिले. असे अनुदान चालू असताना असत्याचे उत्पादन वाढले नसते तरच नवल.

या कबुलीची पूर्ण किंमत केवळ आत्मनिंदेने चुकती होत नसे. कबुली खरी ठरण्यासाठी आणखी नावे द्यावी लागत. पहिल्या अंकातील टिटुबाचा प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तिला चाबकाची आणि फाशीची धमकी मिळते, मग मायेने विचारपूस होते, आणि नावे तिला सुचत नाहीत तेव्हा प्रश्न विचारणारेच ती सुचवतात. पुटनमच सेरा गुडचे नाव पुढे करतो, ऑसबॉर्नचे नाव पुढे करतो. चौकशी करणाऱ्याला माहिती नको असते. त्याच्या जवळ असलेल्या यादीवर दुसऱ्याची सही हवी असते. सही करणारा एकदा सहीत गुंतला की तोही यादीचा रखवालदार होतो.

येथे नाटकावरील सर्वांत प्रसिद्ध आक्षेप विचारात घेतला पाहिजे. पन्नाशीच्या दशकात अमेरिकन प्रतिनिधिगृहाची 'अमेरिकाविरोधी कारवाया' चौकशी समिती लेखक-कलावंतांना बोलावून त्यांची जुनी राजकीय नाती विचारत होती. सिनेटमध्ये मॅकार्थी यांची स्वतंत्र मोहीम चालू होती. दिग्दर्शक इलिया कझान हे मिलर यांचे जिवलग सहकारी. एप्रिल १९५२ मध्ये त्यांनी समितीपुढे आपल्या जुन्या साथीदारांची नावे दिली. त्यांच्या पत्नी मॉली यांनी मिलर यांना ऐकवले की सेलमची तुलना गैर आहे. चेटकिणी कधी नव्हत्या, कम्युनिस्ट मात्र आहेत. हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. सोव्हिएत हेर अमेरिकेत होते हेही आज कागदोपत्री सिद्ध आहे. परंतु समिती हेरगिरीचा पुरावा मागत नव्हती. एखादा नाटककार पंधरा वर्षांपूर्वी कोणत्या बैठकीला गेला आणि शेजारच्या खुर्चीवर कोण होते, हे ती विचारत होती; आणि बहुतेक नावे तिला आधीच ठाऊक होती. उत्तर देणाऱ्याला काम मिळत होते, न देणाऱ्याचे नाव काळ्या यादीत जात होते. सेलमशी साम्य आहे ते या देवघेवीचे. चेटकीण असते की नसते या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही.

मिलर यांना स्वतःलाही ही परीक्षा चुकली नाही. १९५४ मध्ये याच नाटकाच्या ब्रसेल्समधील प्रयोगाला जाण्यासाठी त्यांना पासपोर्ट नाकारण्यात आला. जून १९५६ मध्ये समितीने त्यांना बोलावले. स्वतःविषयी ते बोलले; इतरांची नावे देण्यास त्यांनी नकार दिला. १९५७ मध्ये अवमानाबद्दल त्यांना दोषी ठरवून ५०० डॉलर दंड आणि स्थगित कैद अशी शिक्षा झाली, आणि १९५८ मध्ये अपिलात तो निकाल रद्द झाला. आपल्या नाटकातील पात्राने जे केले ते लेखकाला तीन वर्षांनी स्वतः करावे लागले, असे उदाहरण रंगभूमीच्या इतिहासात विरळाच. न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांनी सुरुवातीला या नाटकाचे थंड स्वागत केले होते. पण जून १९५३ मध्ये, रोझेनबर्ग पतीपत्नींना देहान्त शासन होत होते त्या रात्री, प्रॉक्टर फासाकडे जाताच प्रेक्षक उभे राहिले आणि मान खाली घालून काही वेळ स्तब्ध राहिले, अशी आठवण मिलर यांनी आत्मचरित्रात लिहिली आहे.

एवढे सांगून थांबणे डाव्या विचारांच्या मंडळींना सोयीचे आहे. म्हणूनच थांबता कामा नये. हे नाटक रंगमंचावर येण्याच्या केवळ दोन महिने आधी, नोव्हेंबर १९५२ मध्ये, प्राग येथे रुडॉल्फ स्लान्स्की आणि त्यांच्या १३ सहकाऱ्यांवर खटला चालला. सर्वांनी कबुल्या दिल्या. ३ डिसेंबरला ११ जणांना फाशी झाली. आरोपी कम्युनिस्ट होते, फिर्यादी कम्युनिस्ट होते, आणि कबुल्यांचा मसुदा सरकारी कचेरीत तयार झाला होता. १९३६ ते १९३८ च्या मॉस्को खटल्यांचा हाच नमुना होता. तेथे तर कबुलीने जीवही वाचत नव्हता. सेलमचा सौदा निदान पाळला जात होता. त्या काळी जगभरच्या अनेक पुरोगामी लेखकांनी न्यूयॉर्कच्या यादीचा निषेध केला आणि मॉस्कोच्या यादीपुढे मौन पाळले. चीनमध्ये सांस्कृतिक क्रांतीत साडेसहा वर्षे कोठडीत काढलेल्या निएन चेंग या लेखिकेने हे नाटक पाहिल्यावर मिलर यांना सांगितले की ते चिनी नसलेल्या माणसाने लिहिले आहे यावर विश्वास बसत नाही. ज्या पक्षाला वा चळवळीला असे वाटते की आपले ध्येय थोर असल्यामुळे आपल्या चौकशा न्याय्यच असतात, तिने न्यायाधीश डॅनफर्थ यांचे संवाद लक्ष देऊन ऐकावेत. डॅनफर्थ हे लाचखाऊ नाहीत. ते प्रामाणिक आहेत, आणि त्यांची भीती वाटते ती त्यामुळेच.

चौथ्या अंकात डॅनफर्थ यांना कळून चुकलेले आहे की काहीतरी बिनसले आहे. अ‍ॅबिगेल पॅरिस यांच्या तिजोरीतील ३१ पौंड घेऊन पळाली आहे. शेजारच्या अँडोव्हर गावाने न्यायालयाविरुद्ध बंड केल्याची अफवा आहे. मालक तुरुंगात असल्यामुळे गुरे रस्त्यांवर मोकाट हिंडत आहेत आणि ती कोणाची यावरून शेतकऱ्यांचे तंटे चालू आहेत. उभी पिके कुजत आहेत. तरीही ते फाशी पुढे ढकलत नाहीत. याच गुन्ह्यासाठी १२ जणांना आधीच फासावर चढवले, आता इतरांना सोडले तर त्या बारांचे काय, असा त्यांचा युक्तिवाद आहे. अर्थशास्त्राचा विद्यार्थी याला बुडीत खर्चाचा भ्रम म्हणतो. बुडीत धंद्यात गेलेले भांडवल वाया गेले असे म्हणवत नाही, म्हणून शेठजी आणखी भांडवल घालत राहतो. येथे भांडवल माणसांचे होते.

नाटकात दोष नाहीत असे नाही. मिलर यांनी अ‍ॅबिगेलचे वय वाढवले, हे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे; प्रॉक्टरचे वयही त्यांनी घटवले. इतिहासातील अ‍ॅबिगेल अकरा-बारा वर्षांची होती आणि प्रॉक्टर साठीचा. त्यांच्यात प्रेमसंबंध असल्याचा पुरावा नाही. या बदलामुळे नाटकाला नायकाचा अपराधभाव मिळाला, पण वणव्याचे खापर एका तरुण मुलीच्या मत्सरावर फुटले. वस्तुतः कित्येक फिर्यादींवर सह्या होत्या त्या थॉमस पुटनमसारख्या कर्त्या, जमीनदार पुरुषांच्या. नाटक पाहून परतणाऱ्याला अ‍ॅबिगेल लक्षात राहते आणि पुटनम विसरतो, ही उणीव म्हटली पाहिजे.

हा बाजार शेवटी कशाने कोसळला? रेबेका नर्स या ७१ वर्षांच्या वृद्धेसाठी ३९ शेजाऱ्यांनी अर्जावर सह्या केल्या होत्या. प्रॉक्टरने तुरुंगातून बोस्टनच्या धर्मोपदेशकांना पत्र लिहून कळवले की पोरांना छळून कबुल्या काढल्या जात आहेत. दोघेही फासावर गेले. पण निर्दोष म्हणत मरणाऱ्यांची संख्या वाढू लागली तशी कबुलीची विश्वासार्हता घसरत गेली. ऑक्टोबर १६९२ मध्ये ज्येष्ठ धर्मोपदेशक इन्क्रीज मॅथर यांनी छायारूपाच्या साक्षीवर हरकत घेतली आणि त्याच महिन्यात गव्हर्नर फिप्स यांनी ते खास न्यायालय बरखास्त केले. पुढच्या जानेवारीत नव्या न्यायालयाने अशी साक्ष वगळली, तेव्हा बहुतेक आरोपी सुटले. पुराव्याचा नियम बदलताच सैतान गाव सोडून गेला.

मात्र हिशेब चुकता व्हायला किती काळ लागतो तेही पाहावे. न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल यांनी १६९७ मध्ये चर्चमध्ये उभे राहून जाहीर क्षमा मागितली. १७११ मध्ये वसाहतीने काही जणांवरील कलंक पुसून त्यांच्या वारसांना सुमारे ५७८ पौंड भरपाई दिली. मिलर यांना शिक्षा झाली त्याच १९५७ साली मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने सेलमबद्दल खेद व्यक्त केला. दोषी ठरलेल्यांपैकी शेवटचे नाव, एलिझाबेथ जॉन्सन हिचे, निर्दोष म्हणून नोंदले गेले ते २०२२ मध्ये, नॉर्थ अँडोव्हरच्या शाळकरी मुलांच्या खटपटीमुळे. आळ घ्यायला एक क्षण लागला होता. तो पुसायला ३३० वर्षे लागली.

चेटकाचा आळ हा प्रकार महाराष्ट्रालाही परका नाही. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते किंवा मंत्राने गुरांचे दूध आटवते असा समज पसरवणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरला. दूध आटवल्याचा आळ वाचताना सेलमच्या दप्तराची आठवण यावी. कायदा आळ घेणाऱ्याला शिक्षा देऊ शकतो. पण त्या आळामुळे जमिनीच्या उताऱ्यावर कोणाचे नाव कमी होते आणि कोणाचे चढते, हे पाहण्याचे काम गावालाच करावे लागते.

शेवटच्या प्रवेशात प्रॉक्टर जिवाच्या आशेने खोटी कबुली देतो. तो साधू नाही. त्याला जगायचे आहे आणि पत्नीच्या पोटात मूल आहे. इतरांची नावे मात्र तो देत नाही. धर्मोपदेशक म्हणतात, नावे राहू द्या, त्याची एकट्याची सही पुरेशी वजनदार आहे. तो सही करतो. मग त्याला कळते की तो कागद चर्चच्या दारावर ठोकला जाणार आहे आणि आत जे मरणाची वाट पाहत आहेत त्यांच्या नकाराची किंमत त्या कागदाने उतरणार आहे. तेव्हा तो कागद फाडतो. न्यायालयाला तोवर कबुल्यांचा साठा जमवता आला होता. हा एक कागद त्याला मिळाला नाही. असा एक कागद न मिळणे काय मोलाचे असते, ते सेलममध्ये त्या ऑक्टोबरात दिसून आले.